मापाड्याची लेक टॉवरवर

संजीवनी नांदुऱ्याच्या स्टेशनवर उतरली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि ती उभ्या उभ्या झोपेत होती. डोळे उघडे होते, पण त्यांचं काही खरं नव्हतं. आज सकाळची पाळी, उद्या दुपारची, परवा रात्रीची, मग एक दिवस सुट्टी आणि पुन्हा सकाळची, असं दीड वर्ष चाललं की डोळ्यांना उघडं राहायची सवय लागते. आतला माणूस मात्र केव्हाच पांघरूण घेऊन आडवा झालेला असतो. ऑटोवाल्याने विचारलं, "कुठं जाचं, ताई?" तर ती म्हणाली, "पुन्हा सांगा." त्याने पुन्हा विचारलं. तिने पत्ता सांगितला आणि म्हणाली, "आता तुम्ही म्हणून दाखवा." बिचाऱ्याने म्हणून दाखवला. घर येईपर्यंत तो आरशातून तिच्याकडे पाहत होता.

त्यात तिचा दोष नव्हता. तिच्या कामात असंच बोलतात. विमानाला काही सांगितलं की वैमानिकाने ते जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि तो बरोबर म्हणाला की नाही हे इकडच्या माणसाने कान देऊन ऐकायचं. संजीवनी हवाई वाहतूक नियंत्रक होती. म्हणजे, होणार होती. नोकरी लागली होती, ट्रेनिंग झालं होतं, दूरच्या एका विमानतळावर टॉवरच्या काचेच्या खोलीत माइकसमोर बसायलाही मिळत होतं. पण एकटीने नाही. मागे कायम चंद्रशेखर सर दुसरा हेडफोन लावून उभे. सायकल शिकणाऱ्या पोराच्या मागे बाप कॅरिअर धरून पळतो ना, तसे. कॅरिअर सोडायचं तर बोर्डाची परीक्षा व्हावी लागते. समोर खरी विमानं, मागे तीन परीक्षक. संजीवनी त्यात दोनदा नापास झाली होती. येत्या सोमवारी तिसरी वेळ होती आणि तिसरी म्हणजे शेवटची. ती गेली की टॉवर विसरायचा आणि खालच्या मजल्यावर फायलींना दोऱ्या बांधत बसायचं.

चंद्रशेखर सरांनीच तिला चार दिवसांच्या रजेवर पिटाळलं होतं. "घरी जा आणि झोप," ते म्हणाले होते. "पुस्तक नेलंस तर याद राख."

पुस्तक तिने नेलं नव्हतं. बॅगेत फक्त एक अर्ज होता, टाइप केलेला, सही तेवढी राहिलेला. 'मला तिसरी संधी नको, मला कार्यालयीन काम द्यावे.' तिला हरल्याचं दुःख होण्याइतकीही ताकद उरली नव्हती. फायली काही एकदम पाचपाच जणी बोलत नाहीत, एवढंच तिला त्यातलं आवडलं होतं.

"अवो माय!" दारातच विमलबाईंनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काय हे डोळे! तिथं काय इमानं ढकलाले लावतात काय तुले?"

"आई, मला झोपू दे."

"झोप ना मंग. कोन नाई म्हनते?"

ती झोपली. पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून हाक आली, "संजे!"

"ओ!"

"भाकरीसंगं पिठलं करू का ठेचा?"

"काहीही."

"संजे!"

"ओ!"

"काहीही म्हंजे काय?"

इथे या घराचा एक कायदा सांगायला हवा. मोठ्या माणसाने हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायची. दुसरी हाक मारावी लागली तर ती पोर माजली, आणि तिसरी मारावी लागली तर तिला नीट वळणच लावलं नाही, असा हिशेब. संजीवनी तापाने फणफणलेली असतानाही पहिल्या हाकेला ओ देत आली होती. न्हाणीघरातून देई, अभ्यासातून देई, झोपेतूनसुद्धा देई. साऱ्या आळीत विमलबाई तिचं उदाहरण सांगत. याच गुणाने आपली लेक बोर्डात दुसऱ्यांदा नापास झाली, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

पण त्याआधी ती तिथवर पोचली कशी, ते.

खामगावला बी.एस्सी. करताना तिची मैत्रीण योगिनी सारखे कसले ना कसले फॉर्म भरत असे. बँक, तलाठी, वनरक्षक, पोस्ट. एके दिवशी तिने हा फॉर्म आणला. "हे भर," ती म्हणाली. "आपल्या तालुक्यात कोनालेच माहीत नाई हे पोस्ट. कॉम्पिटिशनच नसन." दोघींनी भरला. तालुक्यात माहीत नव्हतं हे खरंच होतं. बाकी देशात लाखभर पोरांना माहीत होतं. योगिनी पहिल्याच वर्षी शहाणी होऊन पोस्टात लागली. संजीवनी तीन वर्षं चिकटून राहिली, दोनदा लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली आणि तिसऱ्यांदा पास झाली. मग आवाजाची चाचणी झाली. अडखळतेस का, तोतरं बोलतेस का, हे पाहायला. मग डोळे तपासले, कान तपासले, आणि नशापाणी करते का म्हणून लघवीसुद्धा तपासली. विमलबाईंना हा शेवटचा अपमान अजून पचला नव्हता. "माह्या पोरीनं जल्मात सुपारी नाई खाल्ली," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आन् त्याइनं बाटली हातात देल्ली!"

निवडीची बातमी आली त्या दिवशी संजीवनीचे वडील, कडूबा, बाजार समितीच्या यार्डात होते. कडूबा मापाडी. त्यांचा बापही मापाडी. आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, वजन काचेत लाल आकड्यांत दिसतं. पण ढिगातून कट्टे, म्हणजे पोती, किती भरले हे अजून माणूसच मोजतो, आणि ते मोजायची रीत जुनीच आहे. पहिल्या कट्ट्याला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. आणि पुढचा कट्टा येईपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवत राहायचा. लाभ, लाभ, लाभ... दोन, दोन, दोन. आकडा तोंडातून सुटला की मोजणी तुटली, आणि मोजणी तुटली की हमालांनी सगळे कट्टे पुन्हा हलवायचे, पुन्हा लाभपासून. त्या दिवशी शेजारचे नारायणराव यार्डात ओरडत आले, "कडूबा, पोट्टी लागली बे!" आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच कडूबाच्या तोंडचा आकडा पडला. साठच्या पुढचा कुठला तरी होता. हमालांनी शिव्या देत कट्टे हलवले, मग पेढे खाल्ले, मग पेढे खात पुन्हा थोड्या शिव्या दिल्या. कडूबाने मनाशी ठरवलं, आता ब्रह्मदेव जरी बातमी घेऊन आला तरी कट्टा आधी.

बापाची ही घोळवायची खोड लेकीत पुरेपूर उतरली होती. पाढे असोत की रोल नंबर, तिच्या ओठात आकडा फिरत राहायचा. पहिल्या बोर्डात तिने एका विमानाला उंची दिली, त्याने ती बरोबर परत म्हटली, सगळं छान झालं, आणि मग पुढचं विमान बोलेपर्यंत ती आकडा जपत राहिली, "फाइव्ह, फाइव्ह, फाइव्ह, फाइव्ह." माइकचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. बटण दाबलेलं असलं की दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. पाऊण मिनिट आभाळात फक्त संजीवनीचा जप चालला होता. शेवटी बटण सुटलं तेव्हा एका वैमानिकाने अत्यंत आदराने विचारलं, "मॅडम, आरती झाली का?"

चंद्रशेखर सरांनी तिला मग तोंड मिटायला शिकवलं. तोंड मिटलं, बोटही बटणावरून उठायला लागलं. दुसऱ्या बोर्डाला ती तयार होती. धावपट्टीवर एक विमान उड्डाणासाठी उभं होतं, त्याला फक्त 'जा' म्हणायचं होतं. तेवढ्यात दुसऱ्याने हाक मारली, आपल्याला उभं राहायला जागा कुठली? तिने ओ दिली. तिसऱ्याने विचारलं, वारा किती? तिने ओ दिली. चौथा एक खर्जातल्या आवाजाचा वयस्कर कॅप्टन होता, त्याने उशीर किती म्हणून विचारलं. त्याला तर तिने ओ देऊन वर क्षमाही मागितली. पहिलं विमान आपलं धावपट्टीवर उभंच, वऱ्हाड निघून गेल्यावर राहिलेल्या पाहुण्यासारखं. आणि उतरायला आलेल्या पाचव्याला सरांनी मागून वर घेतलं, पुन्हा एक फेरी मारायला लावली. कुणाला काही झालं नाही. पण परीक्षकांनी वह्या मिटल्या.

"तू सगळ्यांना उत्तर देतेस," सर नंतर म्हणाले. "सगळ्यांना लगेच देतेस. दमत नाहीस का?"

दमली तर ती होतीच.

घरचे पहिले दोन दिवस झोपेच्या नावाने असेच गेले. दुपारी डोळा लागला की नारायणराव यायचे. ते रेल्वेच्या फाटकावरून निवृत्त झालेले, त्यामुळे संजीवनीला आपली सहकारी समजत.

"काय वो कंट्रोलर! हायेस का घरी?"

"ओ, काका!" ती अंथरुणातून उठायची.

"नाई, उठू नको. येवढंच इचारतो, का म्या फाटक लावलं का गाडी उभी ऱ्हाये. तुह्यं इमान कसं उभं ऱ्हाते वरती?"

"उभं नाही राहत, काका. फिरवत ठेवतो."

"फिरवता! आन् तेल?"

मग अर्धा तास तेल. ते गेले की विमलबाई अंगणातून हाक मारायच्या. वर फार उंचावरून एक पांढरी रेघ जाताना दिसायची. "संजे! हे तुह्यं का वो?"

"नाही, आई."

"मंग कोनाचं?"

"दुसऱ्याचं."

"एवढ्या इमानात तुह्यं एक बी नाई?" विमलबाईंच्या आवाजात काळजी असायची. आपल्या पोरीच्या वाट्याला जरा हलकी विमानं दिलीत की काय, असा त्यांना संशय होता.

दुसऱ्या संध्याकाळी संजीवनीने अर्ज काढला, पेन काढलं आणि कडूबाला वाचून दाखवला. कडूबा पाय धूत होते.

"खुर्चीचं काम हाये ना?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही खुर्चीचीच आहेत, बाबा. तिथे बोलावं लागतं, इथे नाही."

"तुले काय वाटते?"

"मला झोप येते."

कडूबा बराच वेळ पायांवर पाणी घालत राहिले. घरात त्यांचा आवाज कधी चढला नाही. बसमध्ये कंडक्टर ओरडला तर ते आपण बसल्याबद्दल माफी मागत. अडत्याच्या ड्रायव्हरलाही नमस्कार करत. "सकायी डबा घिऊन येजो यार्डात," ते म्हणाले. "मंग सही कर. पेन कुठी पयत नाई."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली तेव्हा यार्डात तुरीचे ढीग पडले होते. धुरळा, हमाल, ट्रॅक्टर, आणि या सगळ्यात एका ढिगाशी कडूबा. कट्टा काट्यावर चढायचा, कडूबा वजन पुकारायचे, कट्ट्यावर पंजा ठेवायचे आणि आकडा म्हणत राहायचे. "एकतीस, एकतीस, एकतीस..." तुरीचा मालक गोविंदा आपल्या धोतराचा सोगा धरून ढिगाकडे असा पाहत होता, की जणू त्यातला दाणा न् दाणा त्याने नाव ठेवून वाढवला होता.

डबा घेऊन ती ओट्याच्या कडेला बसली. तेवढ्यात दीपकशेट आले. यार्डातले सगळ्यात मोठे खरेदीदार. त्यांची गाडी आली की कुत्रीसुद्धा सावलीतून उठायची.

"कडूबा, त्या मागच्या ढिगाचं काय झालं रे?"

"बत्तीस, बत्तीस..."

"अरे कडूबा!"

"थांबा."

संजीवनी ओट्यावरून उठून उभी राहिली. बाबा शेटला थांबा म्हणाले. वर पाहिलंसुद्धा नाही.

"अरे, ट्रक उभा हाये माहा..."

"शेटजी, थांबा म्हनलं ना!" पंजा कट्ट्यावर तसाच. "तेहतीस, तेहतीस..."

आणि दीपकशेट थांबले. खिशात हात घालून गोविंदाच्या शेजारी, उन्हात, मुकाट. ढीग संपला, शेवटचा आकडा लिहिला गेला, कडूबाने हात झटकला आणि मग हात जोडून, नेहमीच्या मऊ आवाजात, जवळजवळ वाकून विचारलं, "हां, बोला शेटजी. काय म्हनत होते?"

शेटने सांगितलं, कडूबाने ऐकलं, काम झालं, शेट गेले. जगबुडी झाली नाही.

ओट्यावर डबा उघडताना संजीवनीने विचारलं, "बाबा, शेटला राग नाही येत?"

"येते ना. राग आला तं चहानं उतरते. मोजनी तुटली तं कायनं जुयवू?"

"पण ते हाक मारतात, मोठे माणूस आहेत. ओ नाही द्यायची?"

"देल्ली ना ओ." कडूबाने भाकरीचा तुकडा मोडला. "थांबा म्हनलं. थांबा म्हंजे नाई थोडी हाये? थांबा म्हंजे तुमचं आयकलं, हे झालं का तुमचंच." दोन घास त्यांनी नुसतेच चावले. "ज्या कट्ट्यावर हात हाये, तो कट्टा पयले. हात उचलला का सारा गाव तुह्या डोक्यात शिरते. मंग मानूस दमते, बाई. कामानं नाई दमत."

 'थांबा'साठी संजीवनीच्या पुस्तकात अगदी पहिल्या धड्यातला शब्द होता, 'स्टँड बाय'. तिला तो पाठ होता. पण मोठ्या आवाजाच्या माणसाला तो म्हणायचा असतो, हे आजवर तिच्या जिभेला पटलं नव्हतं.

घरी येऊन ती आडवी झाली. दुपारी नारायणरावांनी दारातून हाक दिली, "काय वो कंट्रोलर!"

संजीवनीने डोळे मिटलेलेच ठेवले. "काका, थांबा," ती म्हणाली. "पाच वाजता."

 मग नारायणराव विमलबाईंना म्हणाले, "पाच वाजताची टायमिंग देल्ली बापा. पक्की रेल्वेवाली झाली!" आणि खरोखरच पाचच्या ठोक्याला परत आले. तोवर ती तीन तास झोपली होती. दीड वर्षांतली पहिली सलग झोप.

अर्जावर तिने सही केली नाही. फाडलाही नाही, फाडायला जो जोर लागतो तो कोण आणणार? जाताना विमलबाईंनी ठेच्याची बरणी दिली, तेल गळू नये म्हणून तिच्याखाली कागद हवा होता. अर्जाचा कागद चांगला जाड होता.

सोमवारी सकाळी तिसरा बोर्ड सुरू झाला. काचेबाहेर ऊन पसरलेलं, मागे तीन परीक्षक, त्यांच्या मागे चंद्रशेखर सर. सर तिच्याइतकेच दमलेले दिसत होते. संजीवनीसमोर प्रत्येक विमानाच्या नावाची एक एक पट्टी ओळीने मांडलेली होती. पहिला तास बरा गेला. मग आभाळाने तोच जुना पेपर काढला. धावपट्टीवर एक उभं, उतरायला एक येतंय, आणि मध्येच एकाने जागा विचारली, आणि त्याच्या मागोमाग खर्जातला तो वयस्कर आवाज आला. हा तोच कॅप्टन होता की सगळे कॅप्टन म्हातारपणी असेच होतात, कोण जाणे.

"टॉवर, आम्हाला किती वेळ लागणार?"

'ओ' तिच्या दातांपर्यंत आली होती. तिने डाव्या हाताचा पंजा धावपट्टीवरच्या विमानाच्या पट्टीवर ठेवला.

"स्टँड बाय."

"मॅडम, आम्ही वीस मिनिटं उभे..."

"स्टँड बाय, सर."

 तिने हाताखालच्या विमानाला जायला सांगितलं. त्याने ते परत म्हटलं. ते पळालं, उचललं गेलं, दिसेनासं झालं. मग पंजा पुढच्या पट्टीवर सरकला, उतरणाऱ्याला उतरू दिलं. मग जागा विचारणारा. आणि मग, जवळजवळ वाकूनच, तिने खर्जातल्या आवाजाला विचारलं, "हां, बोला सर." तेवढे शब्द मराठीतून निघाले, हे तिच्याही लक्षात आलं नाही. पलीकडून त्या म्हाताऱ्या आवाजाने मुकाट्याने आपला प्रश्न पहिल्यापासून विचारला.

दुपारी तीन वाजता निकाल सांगितला. परीक्षकांनी मराठीतल्या एका वाक्याचा एक गुण कापला होता. चंद्रशेखर सरांनी तिचा हात हातात घेतला, काही तरी मोठं बोलायला तोंड उघडलं आणि जांभईच दिली. "उद्यापासून मी मागे नाही," ते म्हणाले. "मी घरी झोपणार."

विश्रांतीच्या खोलीत बाकावर पाय वर घेऊन तिने कडूबाला फोन लावला. पलीकडे यार्डाचा गलका होता.

"बाबा, झा..."

"थांब."

तिला हसू आलं. पण हसायलाही जरा जोर लागतो, तेव्हा तिने फोन कानाशी ठेवला आणि डोकं भिंतीला टेकलं. बापाचा आवाज दूरवरून येत होता, एकसुरी, कोरडा, धुळीने भरलेला. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस... लहानपणी ती बापाच्या मांडीवर याच आवाजात झोपायची. एकोणपन्नास तिने ऐकला. पन्नास थोडा ऐकला.

ढीग बहात्तर कट्ट्यांचा निघाला. कडूबाने हात झटकला, खांद्याने कानाशी धरलेला फोन हातात घेतला आणि म्हणाले, "हां, बोल बाई. काय झालं?"

पलीकडून ओ आली नाही. त्यांनी दुसरी हाक मारली, मग तिसरी. फोनमधून फक्त संथ श्वास येत होता, आणि बारीकसं घोरणं.

"काय म्हनते पोट्टी?" हमालाने विचारलं.

कडूबाने फोन बंद केला नाही. तो तसाच कानाशी धरून ते तुरीच्या पुढच्या ढिगाकडे चालू लागले.

"पास झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "कल्ला नका करू बे. झोपली हाये."